तोफ एक, प्रतिकृती अनेक

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एका टेबलावर दोन तोफा शेजारी शेजारी मांडल्या होत्या. दोन्ही प्लॅस्टिकच्या, दोन्ही विद्यार्थ्यांनी घरी जोडलेल्या, आणि दोन्ही एकाच खऱ्या तोफेच्या प्रतिकृती. ती तोफ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीची ८८ मिलिमीटरची विमानविरोधी तोफ. एक प्रतिकृती दहावीतल्या मुलाची होती, जवळजवळ वीतभर लांब. दुसरी आठवीतल्या मुलीची, तळहातावर मावेल एवढी. परीक्षकांनी मोठी तोफ दोन मिनिटे न्याहाळली, छोटीकडे एक नजर टाकली आणि मोठीला बक्षीस दिले. कागदावर शेरा लिहिला : ‘अधिक अचूक’.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी प्रयोगशाळेत आली. तिने व्हर्निअर कॅलिपर मागितला आणि विचारले, ‘‘सर, अचूक म्हणजे मोठी का?’’

प्रश्न साधा वाटला. पण त्याचे उत्तर काढता काढता तिच्या, त्या दहावीतल्या मुलाच्या आणि माझ्या मिळून चार संध्याकाळी गेल्या. त्या चार संध्याकाळींत जे सापडले ते येथे सांगतो. तुमच्यापैकी कोणी असे जोडसंच आणत असेल तर त्याला उपयोग होईल, आणि कोणी आणत नसेल तरी व्हर्निअर प्रत्येक शाळेत असतोच.

प्रतिकृती तपासायची तर आधी मूळ वस्तू माहीत हवी. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीवर शस्त्रनिर्मितीची कडक बंधने घातली होती. तेव्हा क्रुप कारखान्याचे अभियंते स्वीडनमध्ये बोफोर्स कंपनीत काम करीत होते. तेथे मिळालेल्या अनुभवातून ही तोफ जन्मली आणि १९३३ पासून सैन्यात दाखल झाली. तिचे नाव फ्लाक १८. पुढे सुधारणा होत फ्लाक ३६ आणि फ्लाक ३७ हे प्रकार आले. ‘फ्लाक’ हा विमानविरोधी तोफ या लांबलचक जर्मन शब्दाचा संक्षेप आहे.

विमानावर गोळा मारायचा असल्याने नळी जवळजवळ सरळ आकाशाकडे, ८५ अंशांपर्यंत, उभी करता यावी लागे आणि तोफ चहू बाजूंना पूर्ण फिरावी लागे. म्हणून तिला नेहमीच्या तोफेसारखा दोन शेपट्यांचा गाडा नाही. ती अधिक चिन्हासारख्या चार पायांच्या बैठकीवर बसते. प्रवासाच्या वेळी बाजूचे दोन पाय वर दुमडायचे, पुढेमागे दोन चाकांच्या दोन गाड्या लावायच्या आणि ओढवाहनाला जोडून निघायचे. गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे ८२० मीटर. एवढा वेग हवा कारण विमान उंच आणि चपळ. पण ज्या वेगाने गोळा आठ-नऊ किलोमीटर उंच जातो, त्याच वेगाने तो जमिनीला समांतर मारला तर काय होईल?

याचे उत्तर रणगाड्यांना मिळाले. १५ जून १९४१ रोजी इजिप्त आणि लिबिया यांच्या सीमेवरील हलफाया खिंडीवर ब्रिटिश फौजेने हल्ला केला. तेथे जर्मनांनी काही ८८ च्या तोफा वाळूत इतक्या खोल पुरल्या होत्या की, जमिनीवर नळीखेरीज फारसे काही दिसत नव्हते. पुढे आले ते मॅटिल्डा रणगाडे. त्यांचे पुढचे चिलखत ७८ मिलिमीटर जाडीचे, त्या काळात जवळजवळ अभेद्य. ८८ च्या गोळ्यांनी ते दूर अंतरावरूनच फुटले. उलट मॅटिल्डाची तोफ केवळ ४० मिलिमीटरची, आणि तिला भरीव गोळेच दिलेले. स्फोटक गोळा नसल्याने पुरलेल्या तोफेचे ती काही बिघडवू शकत नव्हती. इंग्रज सैनिकांनी हलफाया या नावाचा ‘हेलफायर’, म्हणजे नरकाग्नी, असा अपभ्रंश केला तो उगाच नव्हे. या हल्ल्यात चौथी हिंदी डिव्हिजन होती आणि तिच्या अकराव्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण. तेव्हा ही तोफ आपल्याकडच्या घरांनाही अगदीच परकी नाही. हे सांगितल्यावर दहावीतला मुलगा थोडा वेळ गप्प झाला. त्याने आपल्या तोफेभोवती जर्मन गोलंदाज मांडले होते. नळीच्या दुसऱ्या बाजूला कोण होते, हे त्या संचाच्या पेटीवर छापलेले नव्हते.

आता संचांकडे वळू. ही तोफ प्रतिकृती करणाऱ्या कंपन्यांची इतकी आवडती आहे की, तिच्यावरून त्यांच्यात वर्षानुवर्षे स्पर्धा चालली आहे. ब्रिटनच्या एअरफिक्सने १९६७ मध्ये १/७६ प्रमाणात ती काढली आणि त्याच पेटीत ओढवाहनही दिले. जपानच्या तामियाने १९७२ मध्ये १/३५ प्रमाणात काढली. जपानच्याच हासेगावाने १/७२ प्रमाण निवडले आणि तोफही जुनी, म्हणजे फ्लाक १८. या शतकाच्या पहिल्या दशकात तैवानच्या एएफव्ही क्लबने आणि हाँगकाँगच्या ड्रॅगनने १/३५ मध्येच नवे संच आणून तामियाला आव्हान दिले.

ही प्रमाणे अशी विचित्र का? सरळ १/५० किंवा १/१०० का नाहीत? १/७२ मागे इंच आणि फूट आहेत : १ इंच म्हणजे ६ फूट. १/७६ हे खेळण्यातल्या रेल्वेकडून आले. तेथे ४ मिलिमीटर म्हणजे १ फूट धरतात, आणि १ फूट ३०४.८ मिलिमीटर, म्हणून उत्तर ७६.२. आणि १/३५? त्याची गोष्ट गमतीची आहे. तामियाने १९६१ मध्ये पँथर रणगाड्याची मोटारीवर चालणारी प्रतिकृती काढली. आत मोटार आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, म्हणून रणगाडा तेवढ्या आकाराचा केला, आणि मागाहून हिशेब केला तेव्हा प्रमाण साधारण १/३५ निघाले. आज जगभर लष्करी प्रतिकृतींत जे प्रमाण सर्वांत जास्त मानतात, त्याचे मूळ एका बॅटरीच्या लांबीरुंदीत आहे!

आमच्या टेबलावरच्या तोफांपैकी मोठी १/३५ ची होती आणि छोटी १/७२ ची. कंपन्यांची नावे सांगत नाही, कारण पुढे जे दोष सापडले ते कंपन्यांचे नव्हतेच.

पहिल्या संध्याकाळी आम्ही नळी मोजली. तोफांच्या पुस्तकांत या नळीची लांबी ‘५६ व्यास’ अशी देतात, म्हणजे नळीच्या छिद्राच्या व्यासाच्या ५६ पट. ८८ ला ५६ ने गुणले की ४९२८ मिलिमीटर येतात. पुस्तकांत ४९३० किंवा ४९३८ असेही आकडे आढळतात, पण ५६ हा पूर्णांकात दिलेला आकडा आहे, तेव्हा एवढा फरक चालायचाच. ४९२८ ला ३५ ने भागले तर १४०.८ आणि ७२ ने भागले तर ६८.४ मिलिमीटर. एक गोष्ट मात्र विसरू नका. जर्मन पद्धतीत ही लांबी नळीच्या तोंडापासून मागच्या चौकोनी ठोकळ्याच्या पाठीपर्यंत धरतात. पुष्कळ जण नुसती गोल नळी मोजतात आणि संच लबाड आहे असे ठरवून मोकळे होतात. आम्हीही पहिल्यांदा तेच केले.

मुलीला एक युक्ती सुचली. लांबी भागिले व्यास हे गुणोत्तर तर प्रमाणावर अवलंबूनच नाही! तोफ खरी असो, ३५ पट लहान असो की ७२ पट, उत्तर ५६ यायला हवे. मग प्रमाण काय आहे ही चौकशीच नको. विचार अगदी बरोबर होता. पण छिद्राचा व्यास १/३५ मध्ये फक्त २.५ मिलिमीटर, आणि १/७२ मध्ये १.२. आमच्या व्हर्निअरचे लघुत्तम माप ०.१ मिलिमीटर. म्हणजे मोठ्या तोफेत व्यासाच्या मोजमापातच ४ टक्के चूक संभवते आणि छोटीत ८ टक्के. ५६ चे ५२ किंवा ६१ आले तरी संचाला दोष देता येणार नाही. उलट १४०.८ मिलिमीटर लांबीत ०.१ ची चूक म्हणजे शंभरात एक दशांशही नाही. तेव्हा जे लांब आहे ते मोजावे, आणि बारीक मापावर न्यायनिवाडा करू नये. ०.१ मिलिमीटर म्हणजे खऱ्या तोफेवर किती, तेही काढून पाहा : मोठीत ३.५ मिलिमीटर, छोटीत ७.२. रंगाचा एक जाड हात दिला तरी एवढे माप सहज फिरते.

व्यासाने निवाडा होत नाही म्हणून मी मोठ्या तोफेच्या नळीचा बाहेरचा व्यास दोन दिशांनी घ्यायला सांगितला. उभा आला ४.० आणि आडवा आला ३.७. नळी गोल नव्हतीच! मुलगा गोंधळला. पण कारण त्याच्याच हातचे होते. जुन्या पद्धतीच्या संचांत नळी दोन उभ्या अर्ध्या भागांत येते. ते चिकटवले की मध्ये सांध्याची रेघ राहते. ती घालवण्यासाठी त्याने पॉलिश पेपर घासला होता, आणि जरा जास्तच घासला होता. दोन्ही बाजूंनी दीड दशांश मिलिमीटर गेले, एवढेच. खऱ्या तोफेवर हे एक सेंटिमीटरहून अधिक होते.

येथे नव्या संचांचा मोठेपणा दिसतो, आणि तो समजण्यासाठी प्लॅस्टिकचा भाग कसा तयार होतो हे पाहिले पाहिजे. पॉलिस्टायरीन नावाचे प्लॅस्टिक वितळवून पोलादी साच्यात जोराने दाबतात. साचा दोन पालथ्या परातींसारखा असतो. थंड झाल्यावर तो एकाच दिशेने उघडतो. त्यामुळे भागाच्या वरच्या बाजूला बोल्ट, खोबणी, अक्षरे हवी तेवढी कोरता येतात, पण कडेच्या बाजूला काही कोरले तर भाग साच्यात अडकून बसेल. म्हणून जुन्या संचांत कडा सपाट राहतात आणि नळीचे तोंड भरीव किंवा उथळ खळग्याचे असते. पुढे साच्यात आडवे सरकणारे तुकडे बसवण्याची पद्धत आली. साचा उघडण्यापूर्वी ते बाजूला सरकतात. आता अख्खी नळी एकसंध आणि तोंडाशी पोकळ निघू शकते. काही संचांत तर लेथवर कातलेली ॲल्युमिनियमची नळी देतात. लेथवर कातलेली वस्तू गोल असते, हे वेगळे सांगायला नको.

पण ॲल्युमिनियममुळे एक नवीच भानगड उद्भवते. खऱ्या तोफेत नळीचे बरेचसे वजन टेकणीच्या पुढे असते, म्हणून ती पुढे झुकू पाहते. हे सावरण्यासाठी पुढच्या बाजूला नळीखाली स्प्रिंगच्या दोन नळकांड्या असतात. त्या नळीचा तोल धरतात, आणि त्यामुळेच गोलंदाज हाताने चाक फिरवून नळी वर-खाली करू शकतो. प्रतिकृतीत या नळकांड्या दिसायला असतात, पण आत स्प्रिंग नसते. नळी तोलून धरण्याचे काम केवळ खुंटीचे घर्षण करते. प्लॅस्टिकची घनता १.०५ आणि ॲल्युमिनियमची २.७, म्हणजे तेवढ्याच आकाराची धातूची नळी अडीचपट जड. आकाराने ती अधिक अचूक, पण ती मान टाकते. मग जोडणारा तिला डिंकाचा थेंब लावून कायमची एका कोनात चिकटवून टाकतो, आणि वर-खाली होणारी तोफ पुतळा होऊन बसते. यात अधिक अचूक कोणते म्हणायचे? मला विचाराल तर हलणारी बरी. पण नळीच्या गोलाईवर जीव टाकणारे लोक मला माहीत आहेत आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी कोन मोजले. लांबी ३५ पट लहान होते, पण कोन लहान होत नाही. ८५ अंश प्रतिकृतीतही ८५ अंशच असले पाहिजेत, आणि त्यासाठी कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. मोठी तोफ ८० च्या पुढे गेली. छोटी ६० वरच अडली. आता मुलीची मान खाली गेली. भिंगातून पाहिले तर खुंटीजवळ डिंकाचा गोळा दिसला. हा डिंक म्हणजे आपला साधा डिंक नव्हे. तो द्रावक असतो. पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकमेकांत मिसळवतो आणि मग उडून जातो. एक प्रकारे हे न तापवता केलेले वेल्डिंगच. म्हणून थोडा लावला तर सांधा पक्का होतो आणि जास्त लावला तर नको तो भागही विरघळतो. लहानपणी मी एका विमानाच्या काचेवर अशीच बोटाची खूण कायमची उमटवली होती.

तिसऱ्या संध्याकाळी मुलाने तोफ तराजूत टाकायची म्हटले. चांगली कल्पना! खरी तोफ मांडलेल्या स्थितीत सुमारे ५ टन, म्हणजे ५००० किलोग्रॅम. ३५ पट लहान केली तर वजन किती? वर्गात हा प्रश्न विचारला की निम्मी मुले ५००० ला ३५ ने भागतात आणि १४३ किलो असे उत्तर देतात. म्हणजे वीतभर खेळणे दोन माणसांच्या वजनाचे! लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ३५ पट कमी होतात, म्हणून भागायचे ३५ च्या घनाने, ४२,८७५ ने. उत्तर ११७ ग्रॅम, तेही प्रतिकृती पोलादाची असेल तर. प्लॅस्टिक पोलादापेक्षा साधारण साडेसात पट हलके, तेव्हा फक्त १६ ग्रॅम. १/७२ ची तर २ ग्रॅमसुद्धा भरू नये.

मोठी तोफ १६ ग्रॅमहून कितीतरी जड भरली. छोटीचेही तेच. आता कोण चुकले, हिशेब की संच?

हिशेब बरोबर आहे. संचही दोषी नाही, पण तो येथे फसवतो हे खरे. तोफेची ढाल १० मिलिमीटर जाड धरली तर १/३५ मध्ये ती ०.२९ मिलिमीटर आणि १/७२ मध्ये ०.१४ मिलिमीटर हवी. एवढ्या पातळ फटीतून वितळलेले प्लॅस्टिक शेवटपर्यंत पोचण्याआधीच थिजते, आणि पोचलेच तर तो भाग पेटीतून काढतानाच मोडेल. म्हणून ढाल पाऊण-एक मिलिमीटर जाड करतात. १/३५ मध्ये १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या तोफेवर साडेतीन सेंटिमीटर, आणि १/७२ मध्ये सात! मॅटिल्डाच्या चिलखताला लाजवील अशी ढाल झाली. पाय, कड्या, हातचाके, सगळ्यांचीच अशी थोडी थोडी जाडी वाढलेली असते, आणि वजन त्यातच जाते. प्रमाण कोणतेही असो, प्लॅस्टिकची किमान जाडी तीच राहते. म्हणून प्रतिकृती जितकी लहान तितकी ती अधिक जाडजूड दिसते. परीक्षकांच्या ‘अधिक अचूक’ या शेऱ्यात काही तथ्य असलेच तर ते एवढेच होते, पण त्यांनी ते मोजून लिहिले नव्हते.

नव्या संचांत याच्यावर उपाय म्हणून आम्लाने कोरलेला पितळेचा पातळ पत्रा देतात. तो एक-दोन दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. उपाय उत्तम, पण त्याला प्लॅस्टिकचा द्रावक चिकटत नाही, तुकडे चिमट्यातून उडून जातात आणि संचाची किंमतही वाढते. शिवाय सगळेच काही पत्र्याने साधत नाही. नळीच्या आत ३२ आटे असतात, त्यामुळे गोळा स्वतःभोवती फिरत जातो. १/३५ मध्ये छिद्राचा परीघ ७.९ मिलिमीटर, म्हणजे एका आट्याच्या वाट्याला पाव मिलिमीटरही येत नाही. ते दाखवले आहेत की नाही यावरून तज्ज्ञ मंडळी भिंग घेऊन भांडतात. मला ते हौसेचे भांडण वाटते.

पेटीवरचे नाव तपासणे मात्र हौस नव्हे. फ्लाक १८ ची पुढची चाकगाडी एकेरी चाकांची आणि मागची दुहेरी. फ्लाक ३६ च्या दोन्ही चाकगाड्या सारख्या आणि दुहेरी चाकांच्या, त्यामुळे तोफ कोणत्याही टोकाने ओढता येई. पेटीवर ३६ लिहून आत एकेरी चाके दिली असतील, तर कारागिरी कितीही सुरेख असो, ती वेगळ्याच गाडीवर बसवलेली तोफ झाली. यासाठी मोजपट्टीही लागत नाही, चाके मोजली की झाले. आमच्या दोन्ही तोफा या परीक्षेत उतरल्या. मोठीच्या पेटीवर ३६ होते आणि चारही ठिकाणी दुहेरी चाके. छोटीच्या पेटीवर १८ होते आणि पुढे एकेरी. ‘‘म्हणजे सर, आमच्या तोफा एक नव्हत्याच!’’ मुलगी म्हणाली. खरेच, हे आमच्यापैकी कोणाच्या आधी लक्षात आले नव्हते, आणि परीक्षकांच्या तर नाहीच नाही.

यानंतर कोणता संच घ्यावा, असे पुष्कळ मुले विचारतात. पहिल्यांदाच जोडत असाल तर जुना, कमी भागांचा संच घ्या. तामियाची १९७२ ची तोफ वयाने जुनी असली तरी भाग एकमेकांत नीट बसतात, आणि त्या पेटीत गोलंदाजांच्या मूर्तीही आहेत. घरात जागा कमी असेल आणि तोफेबरोबर ओढवाहनही हवे असेल तर १/७६ चा लहानसा संच वाईट नाही. फक्त त्याच्याशेजारी १/७२ चे सैनिक उभे करू नका. १७० सेंटिमीटरचा माणूस एकात २२.४ मिलिमीटर आणि दुसऱ्यात २३.६ मिलिमीटर होतो. सव्वा मिलिमीटरचा फरक, पण डोळ्याला खटकतो. शेकडो भागांचे, पितळी पत्र्याचे नवे संच त्यांच्यासाठी, ज्यांनी आधी दोन-तीन तोफा बिघडवल्या आहेत.

चौथ्या संध्याकाळी मोजायचे काही उरले नव्हते. मुलाने एक नवी कोरी नळी मागवायचे ठरवले होते. मुलीने खुंटीजवळचा गोळा खरवडून नळी ७८ अंशांपर्यंत नेली. मग तिने ढाल काढली आणि मागच्या बाजूने तिच्या कडा तिरक्या घासायला घेतल्या. कड तेवढी पातळ केली की समोरून पाहणाऱ्याला सगळी ढालच पातळ वाटते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. व्हर्निअर लावला तेव्हा कडेची जाडी ०.३ आली. ‘‘अजून दुप्पट आहे,’’ असे म्हणून ती पुन्हा घासू लागली.